पेन्शन आल्यावर सकाळी उठून जायचं कुठं?

मागच्या अंकात मी माजी सैनिकांच्या पेन्शनच्या कागदपत्रांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं), हयातीचा दाखला वगैरे. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेक सगळी कागदांबद्दलचीच होती, त्यांना एकेक करून पोस्टानं उत्तरं देतोय. पण चार पत्रं अशी होती की ज्यांचे कागद सगळे व्यवस्थित आहेत, पेन्शन वेळेवर येतेय, आणि तरीही माणूस अडकून पडलाय. या अंकाचं पान त्या चौघांना देतोय. नावं छापत नाहीये.

साहेब, जयहिंद. मी कोरेगाव तालुक्यातला, 17 वर्षं सर्व्हिस करून दोन वर्षांपूर्वी एमटी, म्हणजे फौजेच्या गाड्यांच्या खात्यात, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. वय 37. आल्यावर घर बांधलं, सहा महिने त्यात गेले. मग एमआयडीसीत सिक्युरिटीला लागलो, चार महिन्यांत सोडलं, कारण तिथला पोरगा सुपरवायझर सगळ्यांसमोर 'ए वॉचमन' म्हणून हाक मारायचा. आता घरीच आहे. गावात सगळे मेजर मेजर म्हणतात पण कुणाला माझं काही काम नाही. पहाटे साडेचारला जाग येते, उठून बसतो, कुठं जायचं ते कळत नाही. रात्री झोप लागत नाही, उसाचे ट्रॅक्टर जातात त्यांचे आवाज मोजत पडतो. भरती अकॅडमी काढ म्हणतात, पण तालुक्यात दहा अकॅडम्या आहेत. पुढं काय करावं?

जयहिंद. तू माझ्यापेक्षा बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तू रेघांच्या कागदावर हातानं लिहिलंयस आणि शेवटची एक ओळ लिहून खोडलीयस. ती मी उजेडाकडं धरून वाचली. त्या ओळीबद्दल घरात एका माणसाशी आजच्या आज बोल, बायकोशी बोललास तर सगळ्यात चांगलं. आणि 14416 या नंबरवर फोन कर, टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. फौजेतल्या लोकांसाठी पुण्याला एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, त्याचा वेगळा सेलसुद्धा 2023 साली सुरू केलाय, म्हणजे हा प्रकार फक्त तुझ्याच बाबतीत होतोय असं नाही, फौजेलाही तो माहितीये. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड असेलच तुझ्याकडं, तिथल्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराच्या डॉक्टरकडं रेफर करून घे. ताप आला की आपण एमआय रूमला, पलटणीच्या दवाखान्यात जायचो ना, तसंच हे. ती ओळ परत डोक्यात आली तर कुणाची लाज बाळगू नकोस, वेळ काय झालीय ते बघू नकोस, फोन लाव. हे झाल्यावरच पुढचं वाच.

आता माझं सांगतो. मी 2009 ला सुभेदार क्लार्क म्हणून आलो, 26 वर्षं काढून. पहिलं वर्ष तुझ्यासारखंच गेलं. धाकट्या भावाच्या शेतात गेलो आणि उसाच्या सऱ्या अशा का पाडल्यास, पाणी असं का सोडलंस म्हणून त्याला शिकवायला लागलो, आणि ते शेत त्यानं एकट्यानं सांभाळलेलं, आईबाप एकट्यानं सांभाळलेले, तेव्हा मी सुट्टीपुरता यायचो. एक दिवस तो काही न बोलता खुरपं ठेवून घरी निघून गेला. त्याचं ते जाणं मला अजून दिसतं. ग्रामसभेत गेलो, गटारावरून भांडलो, तिथंही लोक ऐकून घ्यायचे आणि मी गेल्यावर आपल्या मनाचंच करायचे. वर्षभरात मी घरातल्यांशीसुद्धा कामापुरतंच बोलायला लागलो होतो.

मग वरच्या आळीतली एक म्हातारी पत्र्याची पेटी घेऊन आली. नवरा 71 च्या लढाईतला, वारून वर्ष झालेलं, फॅमिली पेन्शन सुरूच झालेली नाही. कारण काय, तर डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव माहेरचं लागलेलं आणि रेशनकार्डावर, बँकेत सगळीकडं सासरचं. आपल्याकडं लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत, तांदळात अंगठीनं लिहितात ते नाव, त्याचे परिणाम पन्नास वर्षांनी रेकॉर्ड ऑफिसला दिसतात बघ. दोन्ही नावांची बाई एकच हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का, मग बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, एक त्रुटी काढून परत, दुसरी त्रुटी काढून परत, सात महिने गेले. पेन्शन आणि मागची थकबाकी आली त्या दिवशी ती म्हातारी माझ्या घरी आली आणि ओसरीवर नुसती बसून राहिली, काही बोलली नाही, चहा प्यायली आणि गेली. त्या रात्री मला झोप लागली.

त्यानंतर दुसरी आली, तिसरी आली. आता दर शनिवारी सकाळी समाजमंदिरात बसतो. हल्ली पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाईन पेन्शन पोर्टलवर गेल्यापासून काम वाढलंय, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि ज्या बायकांनी जन्मभर खुरपलंय, भांडी घासलीयत, त्यांच्या बोटांच्या रेघाच मशीनवर उमटत नाहीत, मग मोबाईलवर चेहरा दाखवून करावं लागतं. ते मी शिकून घेतलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की मी हे काम शोधलेलं नव्हतं. मी वर्षभर शोधत होतो ते काहीतरी मोठं, सुभेदाराला शोभेल असं. तसं काही मिळालं नाही. आणि नीट आठवून बघ, पलटणीत आपण रोज उठत होतो ते काय देशाचा विचार करून उठत होतो का? पहाटे साडेचारला उठायचो कारण शेजारच्या बेडवरचा उठलेला असायचा. सेक्शन म्हणजे दहा माणसं, त्या दहातला एक जरी पीटीला कमी असला तरी लगेच कळायचं. देश, झेंडा, छत्रपतींची घोषणा हे सगळं खरंच आहे, अंगावर काटा येतो आजही, पण रोजचा दिवस निघायचा तो त्या दहा जणांच्या जिवावर. गावात येऊन तुझी रँक गेली, पगार कमी झाला, हे तू लिहिलं नसलंस तरी मला कळतं, पण मला विचारशील तर तुझं खरं जे गेलंय ते सेक्शन. तू आज पहाटे उठला नाहीस तर कुणाचं काही अडत नाही, ही गोष्ट माणसाला आतून खाते.

म्हणून माझं म्हणणं, काम शोधू नकोस, आधी दहा माणसं शोध.

राळेगणसिद्धीचं उदाहरण देतो. अण्णा हजारेंच्या नंतरच्या आंदोलनांबद्दल, राजकारणाबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. पण 1975 ला फौज सोडून गावात आले तेव्हा ते आपल्यासारखेच एक पेन्शनर होते, फौजेत ड्रायव्हर होते, 65 च्या लढाईत खेमकरणला त्यांच्या डोळ्यांदेखत सोबतचे गेले. गाव दुष्काळी, दारूच्या भट्ट्या चाललेल्या. त्यांनी आल्या आल्या पाण्यावर भाषणं दिली नाहीत, पदरचे पैसे घालून यादवबाबांच्या पडक्या देवळाची दुरुस्ती केली. देऊळ नीट झाल्यावर लोक तिथं येऊन बसायला लागले. बंधारे, झाडं, दारूबंदी हे सगळं त्याच्या पुढचं.

आता तुझ्याकडं येतो. तू एमटीचा माणूस. सतरा वर्षांत जोजिलाच्या घाटात, नाहीतर सिक्कीमच्या वळणांवर टायरला चेन लावून कॉनव्हॉय काढला असशील, गाडी निघायच्या आधी लाईट, ब्रेक, टायर, लॉगबुक बघितल्याशिवाय ड्रायव्हरला गेटबाहेर सोडलं नसशील. आणि तूच लिहिलंयस की रात्री उसाच्या ट्रॅक्टरचे आवाज मोजत पडतो. अरे, ते ट्रॅक्टर कसे जातात ते तुला माहितीये. मागं दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबणारा, मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, पंक्चर झालं की तिथंच रस्त्यात उभा, मागं दगड लावलेला, आणि अंधारात मोटारसायकलवाला येऊन धडकतो. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की दरवर्षी पेपरात अशा बातम्या येतात, प्रत्येक गावात असं एक तरी घर आहे. ते ट्रॅक्टर ड्रायव्हर वीस-बावीस वर्षांची पोरं असतात, खेपेवर पैसे मिळतात म्हणून झोप न घेता चालवतात, त्यांना गाडी तपासून काढायची हे कुणी शिकवलेलंच नाही.

तुला पहाटे साडेचारला जाग येते ना? त्याच वेळी ते खेप टाकून परत येत असतात. तुमच्या फाट्यावर जाऊन उभा राहा, थर्मासमध्ये चहा घेऊन जा. पहिले आठ दिवस काही शिकवू नकोस, मी भावाच्या शेतात जी चूक केली ती करू नकोस, नुसता चहा पाज आणि कुठल्या कारखान्याला जातोस, किती खेपा झाल्या ते विचार. मग एक दिवस फडकं घेऊन रिफ्लेक्टर पूस. लाल-पिवळी रेडियमची पट्टी काही फार महाग नसते, पहिल्या दहा ट्रॉल्यांना तू स्वतःच्या पैशानं लाव. दहाच. त्यांचे नंबर वहीत लिही, आठवड्यानं परत बघ की पट्टी जागेवर आहे का, ड्रायव्हर झोप घेतोय का. त्यानंतर कारखान्याच्या शेती खात्याकडं जायचं, आरटीओकडं जायचं का, पोलिसांना सोबत घ्यायचं, ते तुझं तुला कळेल, तेव्हा तुझ्यामागं दहा जण असतील. हे नाही पटलं तर दुसरं काही कर, शाळेच्या गाड्या बघ, माझा आग्रह नाही. पण तुझ्या हाताला जे येतं आणि तुझ्या दारावरून जे रोज जातं, ती दोन्ही एकत्र येतात ती जागा सोडू नकोस.

पोटापाण्याचंही सांगतो, कारण नुसत्या सेवेवर घर चालत नाही आणि 37 म्हणजे काही वय नाही, पोरांची शिक्षणं पुढं आहेत. आपल्या राज्याच्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के, राष्ट्रीयीकृत बँकांच्या क्लार्क भरतीत अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या घरच्यांचा वाटा धरून 14.5 टक्के. केंद्राच्या भरतीत वयातून सर्व्हिसची वर्षं वजा होतात आणि वर आणखी 3 वर्षांची सूट मिळते. तू दहावी असशील आणि 15 वर्षांच्या वर सर्व्हिस आहे, तर केंद्राच्या गट क च्या बऱ्याच पदांना तुला पदवीधर धरतात, तो दाखला डिस्चार्जच्या वेळी मिळाला नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून मागव. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरीसाठी नाव नोंदव. आपली माणसं परीक्षेचा अभ्यास करत नाहीत, पोरांमध्ये बसायला लाज वाटते, म्हणून कितीतरी जागा रिकाम्या राहतात, हे बघून मला वाईट वाटतं.

आणि त्या सुपरवायझरचं. सिक्युरिटीच्या कामात कमीपणा नाही, आपण आयुष्यभर संत्री ड्युटीच केली. पण 'ए' म्हणून हाक मारली तर ऐकून घ्यायचं नाही, तू सोडलंस ते बरोबर केलंस. मेस्कोमार्फत, म्हणजे आपल्या माजी सैनिक महामंडळामार्फत, जिथं सगळे फौजीच असतात तिथं एकदा विचारून बघ.

पत्र मिळालं की मला दोन ओळी लिही. खरंच लिही, मी वाट बघतोय.

सर, वय 29. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखालून गेला. आता मेडिकल बोर्डावर, म्हणजे वैद्यकीय कारणानं नोकरी संपवून, घरी येणार. अहिल्यानगर जिल्ह्यात घर आहे, शेती जिरायती. सगळे म्हणतात तू हिरो आहेस, हिंमत ठेव. मला हिंमत आहे, पण करायचं काय ते कुणी सांगत नाही.

हिंमत आहे हे पत्रावरूनच दिसतंय, त्यामुळं त्यावर मी काही बोलत नाही. पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवून झालाच असेल, 1944 पासून ते केंद्र हेच काम करतंय, पाय त्रास देत असेल, सॉकेट घासत असेल तर सहन करत बसू नकोस, परत जा, परत परत जा. दुसरं, खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, 1917 साली पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या जवानांसाठी काढलेली, आजही अपंग झालेल्या सैनिकांना हाताला धंदा शिकवते. बोर्ड आउट व्हायच्या आधीच युनिटकडून त्याची चौकशी कर, घरी आल्यावर गोष्टी लांबतात.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तुला माहीत असतील, ईएमईचे, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती विभागाचे जवान, आधी बॉक्सर होते. 1965 ला गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, पायातली ताकद गेली. 1972 ला जर्मनीत हायडलबर्गला पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सोनं आणलं, भारताचं पहिलं. नागालँडचे होकाटो सेमा, त्यांचाही पाय सुरुंगातच गेला, 2002 ला, गुडघ्याखालून, तुझ्यासारखाच. 2024 ला पॅरिसला गोळाफेकीत ब्राँझ. पण तू मेडल बघू नकोस, मधली वर्षं बघ. पेटकरांची सात वर्षं. सेमांनी तर गोळा हातात घेतला तोच 2016 ला, म्हणजे पाय गेल्यावर चौदा वर्षांनी. त्या वर्षांचे फोटो कुणी काढले नाहीत. तुझी ती वर्षं आता सुरू होतायत आणि घरचे, गाववाले घाई करतील, सत्कार करतील, मग विसरतील. घाईत दुकानात किंवा प्लॉटमध्ये पैसा घालू नकोस. एक वर्ष तरी शिकण्यात घालव, खडकीलाच राहा जमलं तर, तिथं तुझ्यासारखे जे आहेत त्यांच्यात राहा. गाव कुठं पळून जात नाही.

माझा मुलगा अग्निवीर आहे. 4 वर्षं भरून परत येईल. त्याच्यासाठी आतापासून काय करून ठेवू?

भाऊ, त्याला कायम ठेवतील की नाही ते आज कुणालाच सांगता येत नाही, 25 टक्क्यांपर्यंतच घेतात, म्हणून दोन्ही धरून चाला. चार वर्षं संपताना सेवा निधीचे एकरकमी साधारण 11.71 लाख मिळतात, पेन्शन नाही. तो पैसा यायच्या आधीच तो कुठं घालायचा हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवू नका, बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब असं काही त्यावर लिहून ठेवू नका, तो त्याचा आहे. आणि तो परत आला तर 'कायम नाही झाला' असं पाहुण्यांसमोर चुकूनसुद्धा बोलू नका. एवढंच मागतो तुमच्याकडं.

नमस्कार. माझे मिस्टर वर्षापूर्वी रिटायर होऊन आले, इतकी वर्षं मी कोल्हापुरात मुलींना घेऊन एकटीनं संसार केला. आता ते घरात सगळ्यांना ऑर्डरी सोडतात, चपला रांगेत नाहीत, ताटात उरलं, पंखा चालू राहिला. मुली खोलीत जाऊन दार लावतात. संध्याकाळी कॅन्टीनची बाटली काढतात. मारत नाहीत, पण मला आता भीती वाटते की मी त्यांच्याशिवायच बरी होते असं मला वाटायला लागेल.

ताई, तुम्ही हे लिहिलंत हे फार चांगलं केलंत, खूप घरांत हे बोललंच जात नाही.

एक हिशेब करून बघा. वर्षाची 60 दिवस सुट्टी आणि कॅज्युअल 30, सगळी मिळाली असं धरलं आणि सर्व्हिस समजा 17 वर्षं झाली, तर त्यात माणूस घरी किती राहिला? साधारण चार वर्षं. म्हणजे तुमची मोठी मुलगी चौदाची असेल तर रिटायर होईपर्यंत वडील तिला जेमतेम सव्वातीन वर्षं भेटलेत, तेही तुकड्या-तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्यात ते पाहुणे होते, मटण व्हायचं, नवे कपडे व्हायचे. तिच्यासाठी आता घरात एक नवीन माणूस राहायला आलाय. आणि त्यांच्यासाठीही, कारण त्यांच्या डोक्यात अजून ती लहानच आहे. चपलांची रांग त्यांना कळते, मुलींशी काय बोलायचं ते कळत नाही, म्हणून चपलांवर बोलतात. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाहीये, मीही माझ्या घरात हेच केलंय आणि माझ्या बायकोनं ते सोसलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दारूचं मात्र सरळ बोला. सकाळी बोला, संध्याकाळी नको. कॅन्टीनचा कोटा मिळतो म्हणून संपवलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही, कार्ड काही दिवस तुमच्याकडं मागा. झोप लागत नाही म्हणून घेत असतील तर ईसीएचएसमधून डॉक्टर दाखवा, तुम्ही सोबत जा. आणि ज्या दिवशी हात उचलला जाईल त्या दिवशी माझं वरचं सगळं समजावणं बाजूला ठेवायचं आणि 181 ला फोन करायचा, फौजी म्हणून कुणाला सूट नाही.

घरातलं एक काम पूर्ण त्यांच्याकडं द्या, पण ज्यात मुली असतील असं. क्लासला सोडणं-आणणं द्या. स्कूटरवर पुढं बघून बोलायचं असतं, तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं दोघांनाही सोपं जातं. पहिला महिना कदाचित कुणीच बोलणार नाही. त्यांना फक्त एवढं सांगा की उशीर झाला म्हणून ओरडायचं नाही, क्लासच्या बाहेर थांबायचं, आणि येताना ती म्हणेल तिथं पाणीपुरी खायची.